छेदात काय मांडायचं?

रॅकमध्ये पुठ्ठा लावला होता. टीव्हीच्या खोक्याचा फाडलेला तुकडा, त्यावर 'काच आहे, सांभाळा' सांगणारं पेल्याचं चित्र, तेही उलटं, आणि चारी कडांना तपकिरी चिकटपट्टी. मे महिन्यातली दुपार. बाहेर पुण्याचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत होतं आणि मी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये दंडावर काटा येईपर्यंत उभा होतो. मित्राचा मुलगा तिथे सिस्टिम ॲडमिन आहे. यंत्रांच्या पंख्यांचा आवाज एवढा, की त्याला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागत होतं.

"पुठ्ठा कशाला रे?"

"काका, मधे भोक राहिलं की मागची गरम हवा पुढे येते. झाकणाच्या पट्ट्या मागवल्यात. दोन वर्षं झाली."

सर्व्हरच्या रॅकमध्ये सहसा उंचीचे ४२ कप्पे असतात. एका कप्प्याला 'यू' म्हणतात आणि तो पावणेदोन इंच उंच असतो. या रॅकमध्ये १९ कप्पे भरले होते, बाकीच्यांवर पुठ्ठा. म्हटलं, अजून बरीच जागा आहे की! तो हसला. "जागा आहे, थंडावा नाही. आणखी दोन सर्व्हर चढवले तर एसी मान टाकतो." अगदी तळाशी एक जुनाट सर्व्हर लुकलुकत होता. त्यावर कागद चिकटवलेला: 'बंद करू नये.' खाली सही होती, ती ज्याची तो केव्हाच नोकरी सोडून गेला. सर्व्हर काय काम करतो, हे आता कुणालाच माहीत नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं, "वीज खातो."

या खोलीचं प्रगतिपुस्तक लिहायचं तर कसं लिहायचं? मोजण्यासारखं पुष्कळ आहे. किती चौरस फूट, किती किलोवॅट, किती प्रोसेसर, सगळ्याला आकडा आहे. पण एका आकड्याला दुसऱ्याने भागल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. शाळेत अपूर्णांक शिकवताना गुरुजी वर अंश आणि खाली छेद मांडायला लावत. अंशाबद्दल कधी कुणाचं भांडण होत नाही, कारण प्रत्येकाला तिथे आपलं कर्तृत्व मांडायचं असतं. खरी भांडणं छेदाची. माझं म्हणणं एवढंच आहे, की गणनयंत्रांच्या बाबतीत छेदात काय मांडायचं हे आजवर बहुतेक वेळा यंत्र विकणाऱ्याने ठरवलं. ते आता यंत्र पोसणाऱ्या गावाने ठरवलं पाहिजे, आणि पुणे हे असं गाव आहे.

पुणेकराला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नसावी. फ्लॅट घेताना त्याने हे सगळं भोगलं आहे. तोच दिवाणखाना, त्याच दोन खोल्या, पण भाव 'सुपर बिल्टअप'वर. म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी आणि गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीखालची फरशीसुद्धा आपल्या चौरस फुटांत धरलेली. रेरा कायदा आला आणि कार्पेट एरिया सांगणं बिल्डरवर बंधनकारक झालं. घर होतं तेवढंच राहिलं, छेद तेवढा बदलला, आणि काल स्वस्त वाटणारी स्कीम आज महाग दिसू लागली.

गणनयंत्रांच्या जगात जागा आणि वीज दोन्ही एकाच छेदात मांडण्याची टूम २००५ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने काढली. तिचं नाव 'स्वॅप', म्हणजे स्पेस, वॉट्स आणि परफॉर्मन्स यांची आद्याक्षरं. यंत्राचं काम वर. खाली त्याने व्यापलेले 'यू' गुणिले त्याने घेतलेले वॅट. सूत्र सुटसुटीत आहे आणि मुद्दा खरा होता. तोपर्यंत बहुतेक वेळा यंत्राचा वेगच तेवढा सांगितला जाई. दुचाकीचा टॉप स्पीड सांगायचा आणि ॲव्हरेज विचारलं की विषय बदलायचा, त्यातलाच प्रकार. सनने निदान ॲव्हरेज विचारायला लावलं.

पण मोजपट्टी आणि माल एकाच गाडीतून आले होते. त्याच सुमारास सनने 'नायगारा' या टोपणनावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात आठ गाभे, प्रत्येकावर चार धागे, म्हणजे एका वेळी ३२ कामं आणि विजेची भूक ७० वॅटच्या आसपास. वेबसाइटच्या हजारो बारीकसारीक मागण्या पुरवायला उत्तम. मात्र दशांश अपूर्णांकांची आकडेमोड करणारा विभाग आठ गाभ्यांत मिळून एकच! वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि नळ एक. हवामानाचं गणित या यंत्रावर टाकलं असतं तर सकाळची रांग संध्याकाळपर्यंत हलली नसती. म्हणजे स्वॅपच्या अंशात वेबचं काम मांडलं तर हे यंत्र अव्वल, हवामानाचं काम मांडलं तर ढ. अंशाबद्दल भांडण होत नाही असं मी वर म्हणालो, ते इथे थोडं मागे घेतो.

आता छेदातला गुणाकार पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. समजा दोन सर्व्हर आहेत आणि दोघांचं काम सारखं. पहिला चार यू जागा आणि ४०० वॅट घेतो. दुसरा दोनच यू घेतो, पण ६०० वॅट. पहिल्याचा गुणाकार १६००, दुसऱ्याचा १२००. स्वॅपच्या हिशेबाने दुसरा तेहतीस टक्के सरस. आता हे पुण्याच्या भावात बसवू. दुसरा यंत्रमहाशय २०० वॅट जास्त खातो, वर्षाचे १,७५२ युनिट. व्यापारी वीज दहा रुपयांनी धरली तर साडेसतरा हजार रुपये, आणि ती उष्णता बाहेर फेकायला लागणारी वीज वेगळीच. वाचवलं काय? दोन यू. रॅकचा तळ साधारण ६० बाय १२० सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ चौरस फूट. त्याचा एकविसावा भाग, आणि पुढच्या-मागच्या बोळांची जागा धरून तिप्पट केलं, तरी चौरस फुटाच्या फारसं पुढे जात नाही. ऑफिसचं भाडं चौरस फुटाला महिना शंभर रुपये धरा. वर्षाचे बाराशे-तेराशे. तेवढे वाचवण्यासाठी साडेसतरा हजार घालवायचे, आणि त्या व्यवहाराला सूत्र शाबासकी देणार!

आणि वाचलेला तो चौरस फूट तरी खरंच वाचतो का? सर्व्हरच्या हॉलमध्ये दिसते ती जागा कार्पेट एरिया. तिच्यामागे ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, बॅटऱ्यांच्या खोल्या, डिझेल जनित्रं आणि गच्चीवरचे चिलर असतात. हे सगळं विजेच्या प्रमाणात वाढतं, यूंच्या प्रमाणात नाही. हॉलमध्ये यंत्रं दाटीने कोंबली की हॉल लहान होतो आणि मागचं अंगण मोठं. आजच्या एआयच्या यंत्रांत ही दाटी टोकाला गेली आहे. एनव्हिडियाचा बहात्तर जीपीयूंचा एक रॅक सव्वाशे किलोवॅटच्या घरात वीज घेतो. तेवढी उष्णता काढायला दीड टनाचे तेवीस-चोवीस एसी लागावेत, आणि तेही एका कपाटासाठी. अर्थात एवढी उष्णता हवेने हटत नाही, म्हणून थेट चिपपर्यंत द्रवाच्या नळ्या नेतात. अशा कपाटाला 'जागा कमी घेतं' म्हणणं म्हणजे सुपर बिल्टअप लपवून कार्पेट एरिया सांगणं. बिल्डर करत होते त्याच्या नेमकं उलट, पण फसवणूक तीच.

याचा अर्थ जागेला मोल नाही असा मात्र नाही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांची यादी जाहीर झाली तेव्हा चौथ्या क्रमांकावर पुण्याचं यंत्र होतं. टाटा सन्सच्या काँप्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचं 'एक'. आशियात पहिलं. खासगी पैशातून उभं राहिलेलं यंत्र, सरकारी नव्हे. चौदा हजारांवर गाभे आणि एकूण व्याप सुमारे ४,००० चौरस फूट, म्हणजे चार-पाच फ्लॅटांएवढा. त्याची मांडणी नेहमीच्या सरळ रांगांची नव्हती, जवळजवळ वर्तुळाकार होती. अशा यंत्रात हजारो प्रोसेसर सतत एकमेकांशी बोलत असतात. तार लांब असली की निरोप उशिरा पोचतो आणि तो पोचवायला वीजही जास्त लागते. यंत्रं गोलात मांडली की तारा आखूड होतात. पंगतीत वाढपी मधोमध उभा राहिला की कसं, तसंच. महासंगणकात जागेची किंमत आहे ती गुंठ्यात नाही, तारेच्या लांबीत आहे. स्वॅपसारख्या सूत्राने ही गोष्ट नेमकी कप्प्यांच्या उंचीत मोजली, आणि मोजायचं तेच निसटलं.

'एक'चे आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पुढल्या वर्षी, जून २००८ च्या यादीत, त्याचा प्रत्यक्ष चाचणीतला वेग १३२.८ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी आकडेमोडी) नोंदला आहे आणि वीज ७८६ किलोवॅट. चार हजार फुटांवर वाटली तर चौरस फुटाला जवळजवळ दोनशे वॅट, म्हणजे प्रत्येक फरशीवर अडीच सीलिंग फॅन. कामाच्या बाजूने पाहिलं तर त्या एका चौरस फुटात सेकंदाला ३,३०० कोटी आकडेमोडी होत होत्या. १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सीडॅक या सरकारी संस्थेने गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात घडवलेल्या 'परम ८०००'ची अख्खी कागदोपत्री क्षमता शंभर कोटी होती. अमेरिकेने हवं ते क्रे यंत्र द्यायला नकार दिल्यावर जिद्दीने केलेल्या त्या यंत्राबद्दल आपण अजून छाती फुगवतो, आणि फुगवावीच. पण सोळा-सतरा वर्षांत त्याच शहरात एका फुटात तशी तेहतीस यंत्रं मावू लागली. जागेच्या छेदात पुण्याची प्रगती दृष्ट लागावी अशी आहे.

विजेचा छेद घेतला की चित्र जरा निवतं. 'एक' एका वॅटमागे सेकंदाला सुमारे १७ कोटी आकडेमोडी करत होता. त्याच जूनच्या यादीत त्याच्या दोन पायऱ्या वर जर्मनीतल्या युलिशचं ब्लू जीन होतं. वेग १८० टेराफ्लॉप, वीज ५०४ किलोवॅट. वॅटमागे जवळजवळ ३६ कोटी. काम जास्त आणि वीज जवळजवळ तीनशे किलोवॅट कमी! त्याचे प्रोसेसर मुद्दाम मंद ठेवले होते, 'एक'मधले तिप्पट-साडेतिप्पट वेगाने धावणारे. भरधाव गाडीचं ॲव्हरेज पडतं, तसंच हे. क्रमांकांत हे दिसलं नाही, कारण क्रमांक लावताना छेदच नव्हता. म्हणून २००७ मध्येच वॅटमागे काम मोजणारी ग्रीन ५०० ही वेगळी यादी निघाली. आपल्याकडे बातमी झाली ती चौथ्या क्रमांकाची. मलाही त्या दिवशी आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

पुढचा प्रवास पुण्यापुरता चांगला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सीडॅकने आपल्या 'परम युवा' महासंगणकाचं 'युवा-२' केलं. क्षमता ५४ टेराफ्लॉपवरून ५२४ वर गेली, आणि सीडॅकने सांगितलं की आधीच्या व्यवस्थेपेक्षा वीज ३५ टक्के कमी लागेल. तीन महिन्यांत, सोळा कोटींत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, आयआयटीएममध्ये, जानेवारी २०१८ ला 'प्रत्यूष' आला. कागदोपत्री ४ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप), आणि यादीतल्या नोंदीप्रमाणे १,३५३ किलोवॅट वीज घेणारा. चाचणीतल्या वेगाने हिशेब केला तर वॅटमागे २७८ कोटी. दहा वर्षांत 'एक'च्या सोळापट. आता अमेरिकेतल्या 'फ्रंटियर'सारखी यंत्रं ५,००० कोटींच्या पुढे गेली आहेत.

मग बिल का कमी होत नाही? कारण वाचलेली वीज कुणी शिल्लक टाकत नाही. हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतात. आपलं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटींचं होतं, २६ मे २०२५ ला सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरचं आहे. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि हवेची चाल तुटू नये म्हणून वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. काम आठपट. यंत्र कितीही काटकसरी झालं तरी शास्त्रज्ञ त्याच्यापुढे आणखी बारीक जाळी घेऊन उभा असतो. यात चूक काहीच नाही. मुळशीत ढगफुटीसारखा पाऊस आणि सुप्यात कोरडं, हे जिथे एका दिवसात घडतं, त्या जिल्ह्याला बारीक जाळी हवीच. फक्त 'कार्यक्षम यंत्र आलं, आता वीज वाचेल' असं कुणी म्हणू नये.

कार्यक्षमतेचा आज सर्वात जास्त मिरवला जाणारा आकडा म्हणजे पीयूई. द ग्रीन ग्रिड या उद्योगसंघटनेने तो २००७ मध्ये पुढे केला. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले यंत्रांपर्यंत पोचलेली वीज. दीड आला तर यंत्राच्या प्रत्येक युनिटमागे अर्धा युनिट थंडावा, यूपीएस, दिवे यांत गेला. आदर्श आकडा एक. डेटा सेंटरच्या कोणत्याही माहितीपत्रकात हा पहिल्या पानावर असतो. कल्पना चांगली आहे, आणि एसीची उधळपट्टी उघडी पाडायला तिने मोठी मदत केली. पण त्या सर्व्हर रूममधला तळाचा सर्व्हर आठवा. काहीच काम न करता वीज खाणारा. पीयूईच्या लेखी ती वीज 'यंत्रांपर्यंत पोचली', म्हणजे सत्कारणी लागली. उद्या कुणी धीर करून तो बंद केला, तर एसी आणि यूपीएसचा ठरीव खर्च तसाच राहील, छेद लहान होईल आणि पीयूई बिघडेल. बिल मात्र उतरेल! आणखी एक गंमत. खोलीचं तापमान वाढवलं की एसीची वीज घटते, पण सर्व्हरच्या पोटातले पंखे जोरात फिरतात. त्या पंख्यांची वीज 'यंत्रांची' म्हणून छेदात जाते. एकूण युनिट वाढूनही आकडा सुधारलेला दिसू शकतो. सासूने सुनेच्या स्वयंपाकाची परीक्षा गॅसच्या शेगडीपर्यंत किती गॅस पोचला यावरून घ्यावी, तसं हे. भाजी शिजली का, ते कुणी विचारायचं?

पाण्याचं नाव अजून निघालेलं नाही. पुण्यात राहून ते न काढणं म्हणजे जाणूनबुजून डोळेझाक.

उष्णता बाहेर टाकण्याचा सर्वात स्वस्त मार्ग पाणी उडवणं हा आहे. माठाचं तत्त्व. एक युनिट विजेची उष्णता पूर्णपणे बाष्पीभवनाने काढायची तर साधारण दीड लिटर पाणी उडतं. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस नाही. 'एक'एवढं यंत्र पूर्ण भाराने चोवीस तास चाललं आणि त्याचा थंडावा सगळा पाण्यावर असला, तर रोज अठ्ठावीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. पाणी वापरायचं नाही म्हणालात तर तेच काम कॉम्प्रेसर आणि पंखे विजेवर करतात. म्हणजे पाणी आणि वीज यांची अदलाबदल आहे. पीयूई फक्त वीज पाहतो, म्हणून जो पाणी उधळतो त्याचा पीयूई सुंदर दिसतो. यात पुण्याच्या हवेची एक खोडी आहे. एप्रिल-मे मध्ये इथली हवा कोरडी ठणठणीत असते, पाणी झपाट्याने उडतं आणि ही पद्धत बहारदार चालते. नेमकं तेव्हाच खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर तळाला गेलेले असतात आणि सोसायट्यांच्या फाटकाबाहेर टँकर उभे असतात. जुलैत धरणं भरतात, तेव्हा हवा इतकी ओली की ती पाणी पीत नाही.

छेद बदलण्याचा सर्वात धाडसी प्रयोग मला माहीत आहे तो गणनयंत्रांतला नाहीच. तो पुण्यापासून तासा-दीड तासावर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे तिथे गेले. पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार, आणि कारखाना कसला, तर अचूक मोजमापाच्या उपकरणांचा! आयुष्य मोजपट्ट्या बनवण्यात घातलेल्या माणसाने पाण्याच्या वाटपातला छेदच बदलून टाकला. पाणी कुणाला किती, हे तोवर जमिनीवर ठरे. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. पाणी पंचायतीने ठरवलं की पाणी माणशी मिळेल. डोई अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावायचा नाही.

उसाची अट सर्वात बोलकी आहे. आपल्याकडे शेतीचं कौतुक एकरी उताऱ्यात होतं. एकरी शंभर टन काढला की सत्कार, फेटा, वर्तमानपत्रात फोटो. एकर छेदात असेल तर ऊस राजा आहे. त्याच उसाखाली पाण्याचे लिटर मांडा, राजा जरा ओशाळतो. साळुंख्यांनी उसाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी छेद बदलला आणि ऊस आपोआप बांधाबाहेर गेला. दुष्काळी गावात तुटवडा जमिनीचा नव्हता, पाण्याचा होता. ज्याचा तुटवडा ते छेदात मांडायचं, हा एवढाच नियम.

हाच नियम डेटा सेंटरला लावू. सिंगापूरमध्ये जमीन आणि वीज दोन्ही मोजकी, म्हणून त्यांनी २०१९ पासून काही वर्षं नव्या डेटा सेंटरना दारच बंद केलं. तिथे जागा छेदात हवीच. पुण्यात जमीन महाग आहे, पण मिळते. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हिंजवडीत साडेसोळा एकरांच्या आसपास जमीन घेतली, नोंदणीप्रमाणे सुमारे ५२० कोटींना. हिशेब केला तर चौरस फुटाला सव्वासात हजारांच्या घरात. हिंजवडीत फ्लॅट शोधणाऱ्याला हा भाव वाचून हसू येईल किंवा रडू, पण हा पैसा एकदाच द्यायचा असतो. वीज आणि पाणी रोज लागणार, आणि ते ज्या उपकेंद्रातून आणि ज्या धरणातून येणार त्यांच्यावर आपणही अवलंबून आहोत. म्हणून पुण्यापुरता निकाल असा: मीटरवरचे एकूण युनिट पहिले, पाण्याचे लिटर दुसरे, जागा फार मागे. आणि त्यांचा गुणाकार करायचा नाही. गुणाकारात एकाचं पाप दुसऱ्याच्या पुण्याखाली झाकलं जातं. रकाने वेगळे ठेवायचे.

आणि अंश? महासंगणकांच्या यादीतला पेटाफ्लॉपचा आकडा लिनपॅक नावाच्या ठरावीक चाचणीतून येतो. ती यंत्राला मानवेल अशी चाचणी आहे. हवामानाची खरी मॉडेलं त्या वेगाच्या लहानशा हिश्शातच धावतात, कारण त्यांचा वेळ आकडेमोडीपेक्षा आकडे इकडून तिकडे नेण्यात जातो. आयआयटीएमच्या बाबतीत सांगण्यासारखा आकडा वेगळाच आहे आणि तो सामान्य माणसाला लगेच कळतो. मॉडेल चालवायला प्रत्यूषवर दहा तासांपर्यंत लागत होते, नव्या 'अर्का' महासंगणकावर चार तासांपर्यंत लागतात, असं सांगण्यात आलं. हे काम! उद्याच्या पावसाचा अंदाज दहा तासांनी आला तर उद्या जवळजवळ उजाडलेला असतो. (२६ सप्टेंबर २०२४ ला 'अर्का'चं उद्घाटन पुण्यातल्या कार्यक्रमात व्हायचं होतं. मुसळधार पावसाने पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला आणि उद्घाटन दूरदृश्य प्रणालीने झालं. पावसाला विनोदबुद्धी असते.)

यावर जाणकारांचा एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हवामान संस्थेचे अंदाज, बँकेचे व्यवहार आणि एआयची उत्तरं यांची तुलना कशी करणार? लिनपॅक निदान सगळ्यांना सारखी परीक्षा देते. कबूल. पण मला या संस्थेची त्या बँकेशी तुलना करायचीच नाही. ज्वारीच्या उताऱ्याची द्राक्षाशी करत नाहीत, त्याच शेताच्या गेल्या वर्षाशी करतात. आयआयटीएमने गेल्या वर्षी एका अंदाजामागे किती युनिट घातले आणि यंदा किती, हा प्रश्न पुरेसा आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसाठी बसवलेल्या 'परम रुद्र' महासंगणकाने एका निरीक्षणामागे किती घातले, हाही. पहिल्या वर्षी आकडा काही सांगणार नाही. तिसऱ्या वर्षी सांगू लागेल.

'अर्का' आणि नोएडातली 'अरुणिका' मिळून ८५० कोटींची यंत्रं आहेत. पैसा आपला, आणि 'अर्का'ची तर वीज महाराष्ट्राची, पाणी मुठेचं. ज्या पानावर पेटाफ्लॉप लिहिता त्याच पानावर वर्षाचे युनिट, वर्षाचं पाणी आणि वर्षभरात केलेलं काम लिहा, एवढं सरकारी संस्थांना सांगण्याचा हक्क करदात्याला आहे. खासगी डेटा सेंटरना धोरणातून सवलती मिळतात. सवलतीच्या अर्जात हे तीन रकाने घालायला कायदा बदलावा लागत नाही. बांधकामाच्या परवानगीचे अर्ज महापालिका, पीएमआरडीए आणि एमआयडीसी यांच्या टेबलावर येतात. तिथल्या अधिकाऱ्यांनीही एफएसआय तपासताना या तीन ओळी विचाराव्यात.

महासंगणकांची जागतिक यादी दर जून आणि नोव्हेंबरला निघते. तीत विजेचा रकाना आहे, पण बऱ्याच यंत्रांपुढे तो कोरा असतो. पाण्याचा रकानाच नाही.